कंडोम फाटला? आधी घड्याळ बघा

शनिवारी रात्री कंडोम फाटला आणि मी पाळीच्या तारखा मोजत बसले. तिथेच चुकलं. पाळी मागेपुढे होते, ‘सेफ दिवसां’वर विसंबू नका.

रविवारी सकाळीच कर्वेनगरात मेडिकल गाठलं. (दुपारी 1 ते 4 च्या भरवशावर राहू नका, पुणं आहे.) गर्भ राहू नये म्हणून संबंधांनंतर तातडीने घ्यायची लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅमची एकच गोळी मागायची, चिठ्ठी लागत नाही. दुकानदाराने चोरीचा माल असल्यासारखी कागदात गुंडाळून दिली. मी तिथेच कागद सोडून एक्सपायरी वाचली.

गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, पण जितकी लवकर तितकी बरी. ती बीज बाहेर पडणं लांबवते, गर्भपात करत नाही. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. फिटची किंवा टीबीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. पाच दिवसांत तांबीही (कॉपर-टी) बसवता येते, आणि ती गोळीपेक्षा खात्रीची.

त्यानंतरच्या संबंधांना मात्र ही गोळी पुरत नाही, कंडोम हवाच. माझी पाळी पाच दिवस लांबली. पाचही रात्री पंखा बघत काढल्या. आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची टेस्ट करा.