चिऱ्यावरून उडी मारताना

माझा गुडघा गेला तेव्हा जवळपास कोणीही नव्हतं. कॉलेजचा फुटबॉल सामना, गोव्यात डिचोलीजवळचं कापणी झालेलं शेत. बॉल घेऊन झटकन डावीकडे वळले आणि आतून ‘टक्’ असा आवाज आला. एसीएल तुटलं होतं, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा, लिगामेंट. पुढे फिजिओथेरपी शिकले ती या रागापोटीच. हे सांगते, कारण या क्षेत्रात नव्याने येणारे प्रत्येक दुखापतीत धक्का देणारा शोधतात. एसीएलच्या बहुतेक दुखापतींत तो सापडत नाही. खेळाडू वळते, थांबते किंवा उडीवरून खाली येते, बस्स. त्याच खेळातल्या पुरुषांच्या मानाने बायकांना हा धोका दुपटीहून जास्त.

आमच्या संघातल्या मुली कोकणीत गुडघ्याला दिंबी म्हणतात. दिंबी दुखते म्हणून आल्या की मी आधी कंबर आणि मांडीचा मागचा भाग तपासते. मांडीच्या पुढचा स्नायू नडगीचं हाड पुढे ओढतो, हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, ते मागे धरून ठेवतात. एसीएलचं कामही तेच. हॅमस्ट्रिंग कमजोर असले की सगळा ताण लिगामेंटवर येतो, आणि कुल्ल्याचे स्नायू ढिले असले की गुडघा आत कलतो.

हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. मैदानाच्या कडेला एकावर एक दोन चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्या दगड, नीट बसवायचे, साधारण फूटभर उंची. मुलीने त्यावरून खाली यायचं आणि लगेच वर उडी मारायची. समोरून मोबाइलवर स्लो मोशन लावा. माझ्याकडच्या एका स्ट्रायकरचे गुडघे खाली येताना एकमेकांना अक्षरशः घासले. तिला वाटायचं, आपण झकास उतरतो. व्हिडिओ पाहून स्वतःच म्हणाली, “ताई, हें म्हजें?” मग सूचना एकच द्यायची: आवाज न करता उतर. धप्प आवाज आला म्हणजे गुडघा ताठ राहिला.

फिफाचा ‘11+’ वॉर्मअप 2006 पासून आहे. वीस मिनिटांचा, फुकट, आठवड्यातून किमान दोनदा करायचा. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली. 2008 मध्ये निकाल आला तो असा, की एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्या. त्यातला नॉर्डिक हा व्यायाम कधी गाळू नका: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारीण घोटे धरते, आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं.

पण इथे मी आपटले. पहिल्याच दिवशी उत्साहात सगळ्यांकडून बारा-बारा वेळा करवून घेतलं. ती तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीची संख्या. पहिल्या पातळीला तीन ते पाच पुरे असतात. दुसऱ्या दिवशी निम्म्या पोरींना जिना उतरवेना, आणि कोच माझ्यावर असे उखडले की पुढचे दोन आठवडे वॉर्मअपची वेळच मिळाली नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

त्यानंतर वजनं: स्क्वॉट, एका पायावरचे व्यायाम, रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कुल्ल्यातून झुकायचं आणि वजन घेऊन वर यायचं). आधी ढब सुधारायची, किलो मागाहून वाढवायचे. हंगाम सुरू झाला म्हणून बंद करू नका. ही चूक सगळेच करतात. आणि ऑपरेशन झालेली मुलगी सहाव्या महिन्यात “आता बरं वाटतं” म्हणाली तरी तिला मैदानात सोडू नका. किमान नऊ महिने, आणि तेव्हाही दोन्ही पायांची ताकद मोजूनच.

खरी अडचण घरात येते. एका मुलीची आई म्हणाली, “वजनां उखल्ल्यार चली दादल्यासारकी दिसतली न्ही?” म्हणजे वजनं उचलली तर मुलगी पुरुषासारखी दिसेल ना? मी विचारलं, काकी, घरात गॅसचा सिलिंडर कोण उचलतं? त्याच उचलत होत्या. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, त्यांची लेक दहा किलोने सुरुवात करणार होती. काकी हसल्या. आता घरी नॉर्डिक करताना लेकीचे घोटे त्याच धरतात.