हवामानबदलातले मृत्यू रुपयांत मोजताना : पुण्यातल्या नव्या अभ्यासकांसाठी

या विषयात नवे आलेले विद्यार्थी थेट रुपयांच्या गणिताला हात घालतात. आधी मृत्यू मोजा. बहुतेक अभ्यास तिथेच फसतात.

उष्णतेने झालेल्या मृत्यूंचंच घ्या : मृत्यूच्या दाखल्यावर उष्मा हे कारण क्वचितच लिहिलं जातं. हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड असंच येतं. म्हणून सर्व कारणांच्या मृत्यूंची रोजची आकडेवारी घ्या आणि एरवीपेक्षा किती जास्त झाले ते काढा. अहमदाबादला मे २०१०च्या उष्णतेत असे १,३४४ जादा मृत्यू निघाले. २०१३चा उष्णता कृती आराखडा त्यानंतरचा. गणितासाठी ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेतलं डीएलएनएम पॅकेज वापरा; उष्णतेचा परिणाम पुढच्या दिवसांवर कसा पसरतो ते त्यातून काढता येतं. लॅग, म्हणजे उष्ण दिवस आणि मृत्यू यांतलं अंतर, दोन-तीन दिवसांवर तोडू नका. काही मृत्यू फक्त आठवडाभर अलीकडे ओढले गेलेले असतात, ते लांब लॅगमध्येच दिसतं.

पुण्यात दोन खड्डे हमखास. मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे होते, त्यामुळे साताऱ्याहून ससून रुग्णालयात आणलेला रुग्णही पुण्याच्या खात्यात जातो. कायमच्या पत्त्यावरून गाळणी लावा. दुसरा खड्डा तापमानाचा. हवामान विभागाच्या तापमान-नोंदींतल्या एक अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटीत एका बाजूला सुमारे शंभर किलोमीटरचा प्रदेश येतो, म्हणजे शहर आणि मावळ एकत्र. शिवाजीनगर, लोहगाव इथल्या वेधशाळांच्या नोंदी मागवा.

यातले सगळे मृत्यू हवामानबदलाचे नव्हेत. तापमानवाढ झालीच नसती तर किती झाले असते, ते वजा करायचं.

आता रुपये. दहा हजारांत एक मृत्यू टाळायला प्रत्येक जण ५०० रुपये द्यायला तयार असेल, तर सांख्यिकीय जीवनमूल्य, म्हणजे एक मृत्यू टाळण्यासाठी सगळे मिळून देतील ती रक्कम, ५० लाख. हा आकडा श्रीमंत देशांतून उचलून उत्पन्नाच्या प्रमाणात कमी केला, की गरिबाचा जीव आपोआप स्वस्त ठरतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या १९९५च्या अहवालावर याच कारणाने वादळ उठलं होतं आणि ते रास्तच होतं. सगळ्यांच्या जिवाला एकसमान मूल्य धरूनही गणित करा.

डिस्काउंट रेट, म्हणजे भविष्यातल्या रकमेची आजची किंमत दरवर्षी ज्या टक्क्याने घटवायची तो दर, तर सगळंच उलटवतो : ५० वर्षांनंतरचे एक कोटी आज २ टक्क्यांनी ३७ लाख, ५ टक्क्यांनी जेमतेम पावणेनऊ लाख. दोन्ही छापा, आणि मृत्यूंचा आकडा रुपयांशेजारी स्वतंत्र रकान्यात ठेवा, म्हणजे दर बदलला तरी माणसं तक्त्यातून गायब होणार नाहीत.