जुन्या फाउंटन पेनचे वय कसे काढावे

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या शेजारच्या काकू एक लाकडी डबी घेऊन आल्या. "मामंजींचं पेन आहे. हायकोर्ट सुरू झालं तेव्हा त्यांना भेट मिळालं होतं म्हणतात. बघ बरं, खरं आहे का?"

नागपूरचे हायकोर्ट १९३६ चे. डबीत निघाले तपकिरी रंगाचे पार्कर ५१, आणि ते बाजारात आले १९४१ मध्ये. म्हणजे टोपण काढण्याआधीच ही आठवण पाच वर्षांनी तरी पुढे सरकली. पण मग पेन नक्की कधीचे? नागपुरात अशी पेने बरीच निघतात. १९५६ पर्यंत हे राजधानीचे शहर होते. वकील, प्राध्यापक, सचिवालयातले अधिकारी यांच्या कपाटांतून ती आता नातवंडांच्या हाती येत आहेत, काही जुन्या सामानाच्या दुकानांत जात आहेत. विकत घेण्याआधी किंवा विकण्याआधी त्यांचे वय काढून घ्या. अर्धा तास पुरतो.

लागते फार थोडे: सराफ वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोबाईलचा टॉर्च, मऊ सुती कापड आणि वाटीभर साधे पाणी. गरम पाणी नको, स्पिरिट तर मुळीच नको. जुन्या सेल्युलॉइडची, म्हणजे त्या काळच्या प्लास्टिकची, त्याने वाट लागते. पॉलिशही आधी करू नका. कोरलेली अक्षरे केसाएवढी उथळ असतात. चकाकीच्या नादात ती घासली गेली की पेनचा जन्मदाखलाच गेला.

सुरुवात नावापासून करा. टोपणाची कड, क्लिप आणि मागची नळी, तिन्ही ठिकाणचे शब्द वहीत जसेच्या तसे उतरवा. नळीवरची अक्षरे समोरच्या उजेडात दिसत नाहीत. टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि पेन बोटांत सावकाश फिरवा; एका विशिष्ट कोनात ओळ एकदम उठून दिसते. आपल्याकडे 'आजोबांचे पार्कर' म्हणून येणारी कित्येक पेने चिनी हीरो असतात. हीरो ६१६ ची ठेवण पार्कर ५१ सारखीच, निबही तशीच झाकलेली. टोपणावरचा मजकूर नीट वाचला की उलगडा होतो.

मग शाई कशी भरतात ते पाहा. वय ठरवायला माझा सगळ्यात जास्त भरवसा यावर आहे, कारण टोपण सहज बदलते, आतली यंत्रणा सहसा कोणी बदलत नाही. शेफर कंपनीने बाजूचा खटका ओढून शाई भरायचे पेन १९१२ च्या सुमारास आणले, पेलिकन कंपनीने आतल्या दट्ट्याने शाई ओढणारे १९२९ मध्ये. पार्कर ५१ आधी व्हॅक्युमॅटिक पद्धतीचे होते: शेपटीकडची टोपी फिरवून काढायची आणि आतले बटण दाबत राहायचे. १९४८ पासून एरोमेट्रिक आले. त्यात मागची नळी काढली की धातूचे आवरण दिसते, त्यावर दाबायची पट्टी असते आणि शाई कशी भरायची याची सूचना कोरलेली असते. पार्कर ५१ या नावाचे नवे पेन २०२१ मध्येही निघाले, पण त्यात कार्ट्रिज, म्हणजे शाईची तयार नळकांडी, बसते आणि टोपण आट्यांचे आहे. जुन्याचे नुसते सरकून बसते.

इथे एक सावधगिरी. ड्रॉपरने शाई भरायचे पेन दिसले की विदेशी पुस्तकांच्या हिशेबाने ते फार जुने वाटते. भारतात मात्र ड्रॉपरची पेने खटका आणि दट्ट्या आल्यानंतरही अनेक दशके बनत राहिली, आजही बनतात. तेव्हा देशी पेनाला तो नियम लावू नका.

आता तारखेची खूण. काकूंच्या पेनच्या नळीवर, तोंडाजवळ, 'मेड इन यू.एस.ए.' या ओळीशेजारी बारीकसा ९ होता आणि त्याच्याजवळ एक ठिपका. पार्करच्या त्या काळच्या पद्धतीत आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक आणि ठिपके म्हणजे तिमाही. तीन ठिपके असतील तर जानेवारी ते मार्च, दोन असतील तर एप्रिल ते जून, एक असेल तर जुलै ते सप्टेंबर, एकही नसेल तर वर्षाची अखेर. पण ९ म्हणजे १९३९ की १९४९? नुसता आकडा ते सांगत नाही. १९३९ मध्ये हे मॉडेल विक्रीला नव्हते, आणि आत एरोमेट्रिक यंत्रणा होती. म्हणून १९४९, जुलै ते सप्टेंबर.

अमेरिकी पार्करवरची ही खूण पन्नाशीच्या दशकात बंद झाली. १९८० च्या सुमारास नवी पद्धत आली, ती टोपणाच्या कडेवर सापडते. 'क्वालिटी पेन' या शब्दांच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एकेक अक्षर एकेक अंक: क्यू ०, यू १, ए २, एल ३, आय ४, टी ५, वाय ६, पी ७, ई ८, एन ९. इथेही दशक मॉडेलवरूनच ठरवावे लागते.

मॉन्ट ब्लांक कंपनीचे पेन असेल तर जास्त सावध राहा, त्याच्या नकला फार. १४९ हे मॉडेल १९५२ चे आणि ते नेहमी दट्ट्याचेच. कार्ट्रिज बसत असेल तर तिथेच थांबा. निबवरचा ४८१० हा आकडा म्हणजे माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. नकलांवरही तो असतो, त्यामुळे त्याने काही सिद्ध होत नाही. क्लिपच्या कड्यावर 'डब्ल्यू. जर्मनी' असेल तर पेन १९९० च्या जर्मन एकीकरणाआधीच्या घडणीचे.

निबवर १४ के किंवा ५८५ म्हणजे चौदा कॅरेट, १८ के किंवा ७५० म्हणजे अठरा. पार्कर ५१ ची निब आवरणाखाली असते, त्यामुळे हे शिक्के बाहेरून दिसत नाहीत. ते पाहण्यासाठी पेन उकलू नका. सोने तपासायला इतवारीच्या सराफ्यात निब कसोटीवर घासायला तर कधीच देऊ नका. पत्रा पातळ असतो, आणि तो वाकला की लिखाण गेले.

नळी कशाची आहे हे नाकानेही कळते. कापडाने थोडी चोळा: कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, रबराचा आला तर एबोनाइट, म्हणजे कडक केलेले रबर. काळे एबोनाइट ऊन आणि पाण्याने शेवाळी-तपकिरी पडते, म्हणून त्याला पाण्यात ठेवू नका. आपल्या मे महिन्यात कोणतेही जुने पेन गाडीत विसरू नका. खटक्याच्या पेनातली रबरी नळी वाळून कडक झालेली असू शकते, तेव्हा खटका जोराने ओढू नका.

शेवटी प्रत्येक भागाचे वर्ष वेगळे लिहा. बर्डीच्या बाजारात एका विक्रेत्याकडून मी सोनेरी टोपणाचे एक पेन टोपणाच्या भरवशावर दुप्पट किमतीला घेतले होते. टोपण एका पेनचे होते, खालचे अंग भलत्याच पेनचे. फार वाईट वाटले. तेव्हापासून सगळ्यात नवा भाग कोणता ते आधी शोधतो. पेन आजच्या रूपात त्याच्या आधीचे असूच शकत नाही.

काकूंच्या डबीत आता एक चिठ्ठी आहे: नळी १९४९, यंत्रणा १९४८ नंतरची, टोपण त्याच काळाशी जुळणारे. चिठ्ठी वाचून काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एकोणपन्नास म्हणजे आमच्या ह्यांच्या जन्माचं वर्ष की!"