मोनो रेकॉर्डिंग रुंद कसं करायचं, आणि मंडपाच्या भोंग्यावर ते टिकवायचं कसं

गणपती जवळ आले की मुंबईत दर दोन चाळी सोडून कुणीतरी मंडळाचं गाणं घरीच मोनो, म्हणजे एकाच चॅनेलवर, रेकॉर्ड करत असतं, एकच माईक, तो कंप्युटरला जोडणारा छोटा इंटरफेस, दहा बाय बाराची खोली, आवाज येतो म्हणून पंखा बंद, आणि एवढं करून हेडफोन लावला की सगळं डोक्याच्या मधोमध गोळा झालेलं, पेटी तिथेच, झांजा तिथेच, कोरस पण तिथेच. मग सगळ्यांना पहिला सुचतो तो उपाय म्हणजे ट्रॅकची कॉपी मारायची आणि एक डावीकडे, एक उजवीकडे पॅन करायची, म्हणजे त्या बाजूच्या स्पीकरला द्यायची. याने रुंदी अजिबात येत नाही, नुसता आवाज वाढतो, कारण दोन्ही कानांना तंतोतंत तेच मिळालं की मेंदू ते मध्येच ठेवणार. रुंदी म्हणजे डाव्या-उजव्यातला फरक, बास. फक्त तो फरक असा पाहिजे की दोन्ही बाजू परत एकत्र झाल्या तरी गाण्याची वाट लागू नये.

आणि एकत्र होणारच आहेत. मंडपातल्या भोंग्यांना बहुतेक वेळा एकच सिग्नल जातो, छोटा ब्लूटूथ स्पीकर म्हणजे जवळपास मोनोच, आणि लोकलमध्ये दोघं मिळून एक इअरफोन लावतात तेव्हा एकाला फक्त डावं, दुसऱ्याला फक्त उजवं. म्हणून रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या शेवटच्या ट्रॅकवर, मोनोचं बटन असतं ते आधी शोधून ठेवा, ते सारखं दाबायचंय.

आधी काय रुंद करायचं नाही ते ठरवा. लीड आवाज मध्ये, ढोलकी मध्ये, बास असेल तर तो मध्ये. १००-१२० हर्ट्झच्या खालचं काहीच पसरवू नका, तिथे रुंदी ऐकू येत नाही, मोनोत दम मात्र जातो. उरलं काय, कोरस, पेटी, झांजा, टाळ. पसरवायला एवढंच पुरतं, कारण मध्ये काहीतरी घट्ट असेल तरच बाजूचं रुंद वाटतं.

कोरससाठी प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा इफेक्ट) शोधत बसू नका, पोरांना परत गायला लावा. खरंच. दोन वेगळे टेक, म्हणजे दोनदा केलेलं रेकॉर्डिंग, दोन्ही मोनो, एक पूर्ण डावीकडे एक पूर्ण उजवीकडे, याच्यासमोर बाकीच्या सगळ्या ट्रिका फिक्या, कारण प्रत्येक अक्षर थोडं पुढेमागे पडतं, सूर थोडा इकडेतिकडे होतो आणि तो फरक खरा असतो. दुसऱ्या टेकला माईकजवळच्यांना मागे पाठवा, मागच्यांना पुढे घ्या. पेटीवाला कंटाळत नसेल तर त्यालाही परत वाजवायला सांगा, खर्जाचा सूर बंद करून किंवा वरच्या सप्तकात. दोनदा गायचा कंटाळा मोठ्या लोकांनाही होता, १९६६ साली लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत तिथला इंजिनिअर केन टाउनसेंडने टेप मशीन वापरून आपोआप डबल ट्रॅक होईल, म्हणजे एकदाच गायलेलं दोनदा गायल्यासारखं ऐकू येईल, अशी युक्ती काढली ती त्यातूनच.

आता समजा पेटीवाला विरारला घरी गेला आणि हातात एकच टेक आहे. इथे लोक सरळ हास इफेक्ट लावतात, म्हणजे एक कॉपी डावीकडे तशीच, दुसरी उजवीकडे दहा-वीस मिलिसेकंद उशिरा. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवलं की इतक्या थोड्या उशिराने आलेला दुसरा आवाज कानाला वेगळा एको म्हणून कळत नाही, दिशा पहिल्या आवाजाचीच धरली जाते. हेडफोनवर मस्त पसरतं. (ढोलकीवर मात्र करू नका, थाप फाटते, एकाच्या दोन ऐकू येतात.)

मोनो दाबलं की काय होतं ते बघा. समजा ९ मिलिसेकंदचा डिले, म्हणजे उशीर, ठेवलाय आणि दोन्ही कॉप्या सारख्याच लेव्हलला आहेत. एकत्र झाल्यावर साधारण ५६ हर्ट्झ, मग १६७, मग २७८, असे ठरावीक अंतराने खड्डे पडतात. आता मधल्या सप्तकातला काळी एकचा सा आहे २७७ हर्ट्झ. म्हणजे गाणं काळी एकमध्ये असेल तर पेटीचा साच गायब, वरचे काही स्वरांश तेवढे उरतात आणि पेटी पातळ, पत्र्यासारखी लागते. रे-ग वाजले की परत बरी, सा आला की परत गेली. ऐकणाऱ्याला वाटणार पेटीच खराब आहे.

त्यापेक्षा ही पद्धत करा, १९५० च्या दशकात डेन्मार्कच्या रेडिओतल्या लॉरिडसनने काढलेली, आजही मोनोत सगळ्यात सेफ. मूळ पेटी मध्येच ठेवायची, तिला हातही लावायचा नाही. तिच्या दोन कॉप्या करा, दोन्हीवर रीडिले (रीपरचा डिलेचा प्लगइन) लावा, ड्राय (उशीर न केलेला आवाज) पूर्ण खाली, फीडबॅक (परत परत येणारा एको) पूर्ण खाली, वेळ १५ मिलिसेकंद, आणि म्युझिकल लेंग्थ शून्य करायला विसरू नका नाहीतर तो टेम्पोप्रमाणे भलताच लांब डिले देतो. एक कॉपी पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे आणि उजवीच्या ट्रॅकवर फेज उलटा करायचं, म्हणजे आवाजाची लाट वरची खाली करायचं, बटन दाबा. झालं. डावीकडे ज्या फ्रिक्वेन्सी फुगतात त्याच उजवीकडे दबतात, त्यामुळे कानाला पेटी पसरलेली वाटते, आणि मोनो दाबलं की दोन्ही कॉप्या एकमेकींना खाऊन टाकतात, मागे उरते ती मूळ पेटी, जशी रेकॉर्ड झाली तशी. दोन्ही कॉप्यांची लेव्हल आणि प्लगइन अगदी सारखे पाहिजेत पण, एकीवर ईक्यू (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारा प्लगइन) आणि दुसरीवर नाही असं केलंत तर खाऊन टाकणं अर्धवट राहतं. कॉप्या मूळपेक्षा ६ ते ८ डीबी खाली ठेवा आणि त्यांना १५० हर्ट्झला लो कट मारा, म्हणजे त्याखालचं कापा, दोन्हींना. लेव्हल वाढवाल तशी रुंदी वाढते पण इअरफोनचा एकच कान लावलेल्याला तो पोकळ, डब्यातला आवाज जास्त जाणवतो, म्हणून हाव नको.

मूळ आवाजच डावीकडे सरळ आणि उजवीकडे फेज उलटा असं कुणी सांगितलं तर करू नका, मोनोत तो ट्रॅक शून्य होतो.

झांजांना एवढं काही लागत नाही. एक टेक थोडा डावीकडे, दुसरा उजवीकडे, डाव्याला ३ किलोहर्ट्झ थोडं वर, उजव्याला तेच थोडं खाली, पुरे. लीडला किंचित हवा पाहिजे असेल तर सेंडवर (आवाजाची वेगळ्या ट्रॅकवर पाठवलेली कॉपी) पिच शिफ्ट म्हणजे सूर किंचित हलवणं, डावीकडे ७ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) वर, उजवीकडे ७ सेंट खाली, सोबत दहा-पंधरा मिलिसेकंदचा डिले, इतकं हळू की म्यूट केल्यावरच कळावं. छोटा स्टिरिओ रिव्हर्बही चालतो, पण खिडकीबाहेरचा पाऊस आणि शेजारच्या कुकरची शिट्टी रेकॉर्डिंगमध्ये असेल तर रिव्हर्ब तीही पसरवतो, आधी ते कापा.

कोरिलेशन मीटर (डावी-उजवी बाजू किती जुळते ते दाखवणारा) असेल तर नजर ठेवा, काटा बहुतेक वेळ शून्य ते अधिक एकच्या मध्ये पाहिजे, सतत उण्यात गेला तर काहीतरी जास्त झालंय. पण मीटरपेक्षा फोनचा स्पीकर खरा, त्यावर कोरसचे शब्द कळतायत का आणि पेटी जागेवर आहे का बघा.

मंडळाला फाइल देताना दोन द्या, एक स्टिरिओ आणि एक तुम्हीच मोनो करून तपासलेली, नावात ठळक मोनो लिहून, कारण साऊंडवाला घाईत कधीकधी लॅपटॉपची एकच पिन मिक्सरला लावतो आणि मग गाण्याची फक्त डावी बाजू अख्ख्या गल्लीत वाजते.