कॉलेज न बघता पारखायचं तर

गडचिरोलीत बसून पुण्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज निवडायचंय? माहितीपत्रकातली हिरवळ सोडा. कॉलेज एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत उतरत असेल, तर त्याच्या वेबसाइटवर या क्रमवारीसाठी दिलेल्या माहितीची पीडीएफ शोधा. किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली, मध्यक पगार किती, सगळं वर्षवार असतं. जाहिरातीतलं ‘सर्वोच्च पॅकेज’ एखाद्याचंच. मध्यकाखाली मात्र नोकरी लागलेली निम्मी मुलं असतात. (आकडे कॉलेजनंच भरलेले, हे ध्यानात ठेवा.) फी राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर ताडा, कटऑफ प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या. मग लिंक्डइनवर नुकतंच पास झालेल्या एखाद्या ताई-दादाला विचारा, “रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा जेवता कुठे?” त्या उत्तरातून हॉस्टेल, परिसर, रात्रीची ये-जा, सगळंच बाहेर येतं.