जुनी फियाट चालू कशी करायची, बंद कशी करायची आणि पावसाळ्यात कशी ठेवायची

पहिलं हे सांगतो, दर रविवारी दारात पाच मिनिटं गाडी स्टार्ट करून बंद करत असाल तर ते आधी थांबवा. आमची १९७१ची फियाट अकराशे डी, १०८९ सीसीची, मी दोन वर्षं तिला असंच करत होतो आणि वाटायचं काय मस्त निगा राखतोय. मग एकदा ऑइलचं झाकण उघडलं तर आतून साय धरल्यासारखा पांढरट चिकटा. इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जळताना आत सुटलेलं पाणी उडून जात नाही, ते ऑइलमध्ये मिसळत बसतं आणि सायलेन्सरपण आतून सडतो. त्यापेक्षा महिन्यातून दोनदाच काढा पण २०-२५ किलोमीटर फिरवा. मी साताऱ्यातून लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीपर्यंत जाऊन येतो.

स्टार्ट करायच्या आधी बॉनेट उघडा. आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की उंदीर थेट गाडीत, त्यामुळे आधी वायरी बघायच्या. मग डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी), रेडिएटरचं पाणी (इंजिन गार असतानाच), ब्रेक ऑइल, आणि खाली फरशीवर कसला डाग पडलाय का.

आठ-दहा दिवस उभी असेल तर कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो भाग) कोरडा पडलेला असतो, लोक नुसता सेल्फ मारत बसतात आणि बॅटरी झोपवतात. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाला हाताने मारायची बारकी दांडी असते, ती वरखाली करा. आधी जड लागते, कार्बोरेटर भरला की सैल पडते. पहिल्यापासूनच सैल असेल तर इंजिन जरा फिरवून परत बघा. महिनाभर उभी असेल तर कॉइलची (प्लगला ठिणगीचा करंट देते ती) बारीक वायर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडाथोडा सेल्फ मारा, म्हणजे इंजिन चालू न होता ऑइल वर चढतं, मग वायर लावा.

आता चोक (गार इंजिनला पेट्रोलचं प्रमाण वाढवून देणारी खुंटी) पूर्ण ओढा, अॅक्सिलरेटरला पाय लावू नका, सेल्फ पाच-सहा सेकंदच. नाही झाली तर थांबा जरा. पेट्रोलचा वास यायला लागला तर चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर तळाला दाबून धरा आणि मग मारा. चालू झाली की चोक हळूहळू आत, मिनिटभराने सावकाश निघा. चोक ओढलेलाच राहिला तर प्लग काळे होतात आणि जादाचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

मे महिन्यात यवतेश्वरचा घाट चढताना गाडी मधेच गचके देऊन बंद पडली तर घाबरू नका, उष्णतेने पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं टाका, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

बंद करताना जुने ड्रायव्हर एक जोरात रेस मारायचे, ते करू नका, न जळलेलं पेट्रोल सिलेंडरवरचं ऑइल धुऊन काढतं. घाटातून आलात तर मिनिटभर चालू ठेवा मग बंद. आणि चावी पूर्ण बंद झालीय ना बघा, इंजिन बंद आणि इग्निशन चालू राहिलं तर कॉइल तापून जाते.

ऑइल २०डब्ल्यू-५०, गाडी फिरो न फिरो वर्षाला बदला. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, कारण ते हवेतलं पाणी ओढतं आणि ब्रेकचे सिलेंडर जाम होतात. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो, ते नवीन पेट्रोलला चालणारे टाकून घ्या, यात कंजूषी केलीत तर गाडी पेटायची.

कागदांचं थोडक्यात: ५० वर्षांवरची गाडी २०२१च्या नियमाने विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, नवीन नोंदणीला २० हजार, मुदत १० वर्षं. पण मग रोजच्या वापराला ती काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. म्हणून आम्ही अजून नाही केली.

पावसाळ्यात तीन-चार महिने ठेवायची असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, हँडब्रेक सोडून चाकाला विटा लावा (ओढून ठेवलात तर ब्रेकचे लायनर चिकटतात), वरून सुती कव्हर, ताडपत्री अजिबात नको, आत घाम धरतो. क्लच प्लेटपण ओलीने चिकटते म्हणून सीट आणि क्लचच्या मधे दांडकं घालून पेडल दाबून ठेवतात. गणपतीत गाडी काढताना ते दांडकं आधी काढा. मी एकदा विसरलो, गियर टाकून रेस देतोय, गाडी जागची हलेना, आणि अण्णा ओट्यावर चहा पीत नुसते बघतायत.