ब्राउझर आजच्या आज, विंडोज जरा दमानं

आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. क्रोमच्या कोपऱ्यातलं अपडेटचं बटण लाल होऊन बसलेलं असतं तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि विंडोजचं नवीन व्हर्जन आलं की पहिल्याच रात्री यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून इन्स्टॉल करायला बसणार, मग सकाळी प्रिंटर चालत नाही म्हणून बोंब. ज्याला घाई करायची ते लोंबकळतंय आणि ज्याला थांबायचं त्याच्यावर उडी. म्हणून दोन्हीचं वेगवेगळं सांगतो.

आधी ब्राउझर. इथे विचार करायचाच नाही, आलं की मारायचं. कारण साधं आहे, दिवसभर अनोळखी साइटवरचा कोड तुमच्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर हेच एक. क्रोमचं आणि फायरफॉक्सचं मोठं व्हर्जन दर काही आठवड्यांनी येतं, आणि मधेमधे सुरक्षेचे छोटे अपडेट येत राहतात. एकदा का दुरुस्ती बाहेर पडली की नेमकं काय दुरुस्त केलं ते भामट्यांनाही शोधून काढता येतं, म्हणजे अपडेट आल्यानंतर ज्यांनी ते टाकलं नाही त्यांचा धोका उलट वाढतो. क्रोम तर रंगानेच सांगतं: हिरवा म्हणजे अपडेट येऊन दोन दिवसही झाले नाहीत, केशरी म्हणजे चारेक दिवस झाले, लाल म्हणजे आठवडा उलटला. लाल होऊच द्यायचा नाही एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

आता गंमत अशी की अपडेट आपोआप डाउनलोड होतं पण क्रोम बंद करून परत चालू केल्याशिवाय लागू होत नाही, आणि आपण लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटतो, शटडाउन कधी करतच नाही, त्यामुळे महिनाभर जुनंच चालू राहतं. तीन ठिपके, मग हेल्प, मग अबाउट गूगल क्रोम, तिथे रीलाँच दिसलं की दाबा. चाळीस टॅब उघडे आहेत म्हणून घाबरू नका, ते परत येतात, फक्त इन्कॉग्निटोतले येत नाहीत आणि अर्धा भरलेला फॉर्म बहुतेक जातो, तेवढा आधी सबमिट करून घ्या.

"पण अपडेट केल्यावर अमुक सरकारी साइट चालत नाही" ही तक्रार खरी असते, नाही कोण म्हणतंय. त्यावर उपाय म्हणजे जुनं क्रोम धरून ठेवणं नव्हे, दुसरा ब्राउझर ठेवणं. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर मशीनमध्ये आधीपासून असतोच, त्यात जुन्या साइट चालवणारा इंटरनेट एक्सप्लोरर मोड आहे, आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवणार असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. खुद्द इंटरनेट एक्सप्लोरर ११ मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निकालात काढला, तरी काही ऑफिसांत त्याचा निळा ई अजून डेस्कटॉपवर दिसतो. त्या एका साइटपुरता तो मोड वापरा, बाकी सगळं नेहमीच्या अपडेटेड ब्राउझरमध्ये. एक्स्टेन्शनचंही तसंच, क्रोमने नियम बदलले आणि युब्लॉक ओरिजिनसारखं लोकांचं आवडतं ॲडब्लॉकर बंद पडलं, राग येणं साहजिक आहे, पण त्यासाठी फायरफॉक्सवर जा, जुन्या क्रोमवर अडून बसू नका.

विंडोजमध्ये दोन प्रकार आहेत आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. एक दर महिन्याचा सुरक्षा अपडेट, दुसरं वर्षातून एकदा येणारं मोठं व्हर्जन.

महिन्याचा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतून सुटतो, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणजे बुधवारी सकाळी दिसायला लागतो. त्यात बिघाड निघाला तर तीनचार दिवसांत बोभाटा होतोच, म्हणून मी शनिवारी मारतो. पुण्यातल्या मंडळींनी गुरुवार टाळा, दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार तोच, आणि यूपीएस नसलेल्या पीसीवर अपडेट ६० टक्क्यांवर असताना लाईट गेली की मग देवाचं नाव घ्यायचं. पण शनिवार म्हणजे त्याच आठवड्याचा शनिवार हां. २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो मे महिन्यात, आणि त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवलं होतं. दोन महिने होते हातात! त्यानंतर जूनमध्ये नॉटपेट्या आला, त्याने इतर युक्त्यांसोबत तीच फट वापरली, आणि आपल्या न्हावाशेवाला जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. "अपडेट बंद कसे करायचे" विचारणाऱ्यांना मी हे दोन किस्से सांगतो. पूर्ण बंद करू नका, सेटिंगमध्ये पॉज असतं, गरजेपुरतं आठवडाभर वापरा.

मोठ्या व्हर्जनला मात्र खुशाल थांबा. ऑक्टोबर २०१८ चा विंडोज १० चा मोठा अपडेट आठवत असेल, काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच उडाल्या आणि मायक्रोसॉफ्टला तो मागे घ्यावा लागला. पहिल्या आठवड्यात उडी मारणारे तेवढे पोळले. विंडोज ११ च्या होम आणि प्रोच्या प्रत्येक व्हर्जनला २४ महिने सपोर्ट असतो, त्यामुळे नवीन आल्यावर दोनतीन महिने नुसतं बघत बसलात तरी काही बिघडत नाही. २४एच२ वरून २५एच२ ला जाणं तर छोट्याशा पॅकेजचं काम आहे, तिथे एवढं ताणायचीही गरज नाही. २३एच२ किंवा त्याच्याही मागे असाल तर वेळ काढून करा, २३एच२ होमचा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्येच संपलाय.

कधी करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. सीएचं ऑफिस असेल तर जुलैमध्ये नाही, मार्चअखेर नाही, जीएसटीची २० तारीख जवळ असेल तर नाही. कारण बिघडतं ते विंडोज नव्हे, त्याला लटकलेली यंत्रं बिघडतात: डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन, आधारसाठी बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि त्याची आरडी सर्व्हिस (ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर), जुना डॉट मॅट्रिक्स, स्कॅनर. ऑफिसात चार मशीन असतील तर सगळ्यात कमी कामाचं मशीन आधी अपग्रेड करा, त्यावर टोकन लावून एक खरीखुरी पीडीएफ साइन करून बघा, प्रिंट काढून बघा, मगच बाकीची. आणि अपग्रेडनंतर काही जमलं नाही तर दहा दिवसांत सेटिंग, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक करून मागे जाता येतं. फक्त एक काळजी, सी ड्राइव्ह लाल दिसतोय म्हणून डिस्क क्लीनअपने विंडोज डॉट ओल्ड हा जुन्या विंडोजचा फोल्डर उडवलात तर ती परतीची वाट गेली.

आता विंडोज १० वाले, म्हणजे अजून बरेच जण. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. मशीन बंद पडलं नाही, पडणारही नाही, म्हणून लोक म्हणतात चाललंय की. पण मागचा इतिहास बघा. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला आणि क्रोमने साथ सोडली २०१६ मध्ये, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये संपला आणि क्रोम ११० ने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला बाहेर काढलं. म्हणजे आधी ओएस (इथे विंडोज) जाते, मग दोनतीन वर्षांनी ब्राउझर जातो, आणि ब्राउझर गेला की बँक, रिझर्व्हेशन, पोर्टल सगळ्याचंच हळूहळू वाजायला लागतं. एजला विंडोज १० वर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, पण ब्राउझर ताजा म्हणजे खालची ओएसही ताजी, या भ्रमात राहू नका.

लगेच मशीन बदलायचं नसेल तर ईएसयू, म्हणजे सपोर्ट संपल्यावरचे वाढीव सुरक्षा अपडेट, घ्या, त्यात १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, पीसीच्या सेटिंग्ज त्या अकाउंटला सिंक केल्या तर फुकट. उशिरा नोंदवलं तरी मधले राहिलेले अपडेट मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावरच एनरोलची लिंक असते, पाच मिनिटांचं काम.

विंडोज ११ चालेल का हे बघायला प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा, नुसतं "आय५ आहे" म्हणून काही कळत नाही (जुने लॅपटॉप विकणारे मुद्दाम तेवढंच सांगतात). आय५-७२००यू म्हणजे सातवी पिढी, नाही चालणार. आय५-८२५०यू म्हणजे आठवी, चालेल. सातव्या पिढीचे मोजके अपवाद आहेत पण तुमचा त्यात असायची शक्यता कमी, आणि एएमडीत साधारण रायझन २००० पासून पुढे. मग टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप, आहे का ते बघा: विंडोजचं बटण आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. असेंबल केलेल्या पीसीवर बऱ्याचदा "टीपीएम सापडलं नाही" असं येतं आणि दुकानदार नवीन मदरबोर्ड गळ्यात मारतो. घाई करू नका! टीपीएम असतं पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं, इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधा आणि चालू करा. दुसरी भानगड म्हणजे जुन्या पद्धतीने लेगसी मोडमध्ये टाकलेलं विंडोज. तिथे थेट बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद केलंत तर मशीन बूटच होणार नाही, आधी बॅकअप, मग विंडोजमधल्या एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्कची मांडणी बदलून घ्या, मग सीएसएम बंद. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढलात तरी चालेल पण त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नका.

प्रोसेसर बसत नसेल तर रूफस हे विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर वापरून पळवाट काढता येते, घरच्या दुसऱ्या मशीनवर हौस म्हणून करा, हिशेबाच्या मशीनवर नको, कारण पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. त्यापेक्षा सहाव्यासातव्या पिढीच्या लॅपटॉपात एसएसडी घाला आणि लिनक्स मिंट टाका, मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालतो, घरचं ब्राउझिंग आणि मुलांचा अभ्यास आरामात होतो. टॅलीवर किंवा सिग्नेचर टोकनवर पोट असेल तर मात्र सरळ नवीन मशीन.

मॅकवाल्यांचं थोडक्यात. नवीन व्हर्जन सप्टेंबर ऑक्टोबरच्या आसपास येतं, पॉइंट वन किंवा टू येईपर्यंत थांबा. ॲपल साधारण शेवटच्या तीन व्हर्जनना सुरक्षा अपडेट देतं, पण सगळी भोकं बुजवतं ती सगळ्यात नव्यातच, म्हणून तिसऱ्या नंबरवर फार काळ रेंगाळू नका. इंटेलचा मॅक असेल तर टाहो हे शेवटचं व्हर्जन, त्यानुसार पैसे साठवायला लागा.

आणि एक प्रकार असा की जिथे अपग्रेड करूच नये. छापखान्यात, डीटीपीवाल्याकडे विंडोज ७ नाहीतर एक्सपी, त्यावर पेजमेकर, जुने मराठी फॉन्ट, मागे सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं डोंगल लावलेलं, आणि वीस वर्षांच्या लग्नपत्रिका नि दिवाळी अंकांच्या फाइली. ते नवीन विंडोजवर न्यायला गेलात तर जोडाक्षरांचा चुराडा होईल. त्या मशीनला हात लावू नका, फक्त त्याची नेटची वायर काढा, वायफायचं डोंगल काढा, फाइल न्यायची तर नव्या मशीनवर पेनड्राइव्ह स्कॅन करूनच न्या. मेल आणि व्हॉट्सॲप वेबसाठी शेजारी दुसरा पीसी ठेवा. आणि हार्ड डिस्कची इमेज काढून ठेवा, कारण तसली डिस्क एक दिवस न सांगता बसते आणि त्या सॉफ्टवेअरची सीडी बहुतेक वेळा कुणाकडेच नसते.